‘दहा वर्षं बघायला नको’ म्हणणाऱ्या पीसीच्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात भाच्याने मला एक मेसेज पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं : “मामा, यादी फायनल करू ना?” पठ्ठ्याने नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत साठवून गेमिंग पीसीसाठी तीन लाख बाजूला काढलेत. मेसेजचं नाव ‘दहा वर्षं बघायला नको असा पीसी’. थोड्याफार फरकाने तो मला ऑफिसच्या ग्रुपवरही येऊन गेलाय. सूर असा की हाय-एंड म्हणजे प्रत्येक पार्ट टॉपचा. कुठे हात आखडलात की ‘बॉटलनेक’ झालाच म्हणून समजा, म्हणजे एका कमजोर पार्टमुळे बाकीचे अडले. सगळे मुद्दे वाचून काढले. त्यात मॉनिटर हा शब्द एकदाही येत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

पीसीत किती दम लागणार हे पडदा ठरवतो. १४४०पीच्या पडद्यावर साधारण ३७ लाख पिक्सेल म्हणजे ठिपके असतात, ४केच्या पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. सव्वादोन पट काम, आणि ते जवळपास सगळं ग्राफिक्स कार्डाच्या डोक्यावर. प्रोसेसरला पडद्याशी फारसं देणंघेणं नसतं. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, हा हिशेब दोन्हीकडे तेवढाच. आता मेसेज वाचू.

“प्रोसेसर सर्वांत जास्त कोअरचा घ्या, गेम आपोआप पळतील.” इथेच पहिली मेख आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरला कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, फक्त आठ. त्याच्या दोनच आठवडे आधी आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केला चोवीस. गेमच्या चाचण्यांत मात्र आठवाला पुढे राहिला, आणि २८५के तर कित्येक गेममध्ये इंटेलच्याच जुन्या १४९००केच्या मागे पडला. याचं कारण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत आहे. गेममध्ये प्रोसेसरचा बराच वेळ रॅमकडून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. ९८००एक्स३डीमध्ये नेहमीच्या ३२ एमबी एल३ कॅशला आणखी ६४ एमबीचा थर जोडलेला आहे. लागणारं सामान हाताशी असलं की कोठीघरात फेऱ्या कमी होतात, तसंच.

“मग सोळा कोअरचा ९९५०एक्स३डी घेऊ का?” हा भाच्याचा पुढचा प्रश्न. त्यात आठ-आठ कोअरचे दोन गट असतात आणि तो जादा कॅश एकाच गटाला मिळतो. गेम त्या गटावर राहावा म्हणून विंडोजला आणि ड्रायव्हरला खटपट करावी लागते. अमेरिकेत बाजारात येताना ९८००एक्स३डीची किंमत ४७९ डॉलर होती, ९९५०एक्स३डीची ६९९, आणि गेममध्ये दोघे जवळपास सारखेच. तुम्ही व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करत असाल तर सोळा कोअर जरूर घ्या. नुसतं खेळायचं असेल तर ते पैसे वाया.

त्याला जोडूनच “बॉटलनेक कॅल्क्युलेटरवर आकडा दहा टक्क्यांच्या आत हवा” असा एक नियम आहे. कॅल्क्युलेटर म्हणजे पार्टांची नावं टाकली की टक्केवारी सांगणारी वेबसाइट. हा आकडा मनावर घेऊ नका. त्याच मशीनवर १४४०पीहूनही कमी पिक्सेलच्या १०८०पीत काउंटर-स्ट्राइक २ लावा, प्रोसेसर अडवेल. ४केवर पाथ ट्रेसिंगसह, म्हणजे प्रकाशाचा अगदी बारीक हिशेब लावून, सायबरपंक २०७७ लावा, कार्ड घामाघूम होईल. कुठला ना कुठला पार्ट आधी दमणारच, आणि कुठला ते गेम आणि सेटिंग बदलली की बदलतं. एका टक्केवारीत ते बसवणं म्हणजे माणसाचं गाव विचारून त्याचा रक्तगट सांगणं.

रॅमचा मुद्दा जरा ऐसपैस घेतो, कारण तिथे मी स्वतः फसलोय. मेसेज म्हणतो, “६४ जीबी, चार स्टिक, मेगाहर्ट्झ जितके जास्त तितके उत्तम.” चार स्टिक लावल्या की काचेतून चारही दिवे छान दिसतात हे खरं. पण ९८००एक्स३डीसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकला ५६०० आहे आणि चार स्टिकला ३६००. त्याहून वर चालवता येतं, पण चार स्टिकवर ते नशिबाचा खेळ होऊन बसतं. दुसरं म्हणजे नुसता मोठा आकडा बघून भागत नाही, सीएलही बघावा लागतो, म्हणजे रॅम माहिती द्यायला किती उशीर लावते त्याचा आकडा. सीएलला दोन हजारांनी गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा : ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ७२०० सीएल३६ म्हणजेही १०, आणि दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून देतो ती ६००० सीएल४० मात्र १३ च्या वर. शिवाय एएम५ सॉकेटवर (बोर्डावरची ९८००एक्स३डी बसतो ती जागा) साधारण ६४०० च्या पुढे गेलं की मेमरी कंट्रोलर निम्म्या चालीवर येतो, म्हणजे जादा पैसे भरून फायदा जवळपास शून्य. १६-१६ च्या दोन स्टिक, ६००० सीएल३०, विषय संपला. त्यातून २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी ओढून घेतलीय की रॅमचे भाव भडकलेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत ‘असू दे’ म्हणून ६४ जीबी घेणं परवडणारं नाही.

आता माझी फजिती. माझा आधीचा पीसी मी दुकानातूनच असेंबल करून आणला होता. आठ महिन्यांनी सहज टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर क्लिक केलं, तर वेग ४८००. रॅम ६००० ची, बिलावर ६०००, स्टिकवरच्या स्टिकरवर ६०००. डीडीआर५ रॅम सांगितल्याशिवाय आपल्या छापील वेगाने धावत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि दुकानातल्या पोराने ते केलंच नव्हतं. पीसी चालू होताना डिलीट दाबा, एक्स्पो निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा. एवढंच. त्यानंतर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. रॅमचं ट्रेनिंग चाललेलं असतं, तेव्हा घाबरून स्विच बंद करू नका. मी केला होता.

“एसएमपीएस १२०० वॅटच्या खाली नको.” एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. आकडेमोड करून बघा. एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड ३६० वॅटचं. ९८००एक्स३डीची कमाल मर्यादा १६२ वॅट, गेममध्ये तो त्याच्या बराच खाली असतो. पंखे, एसएसडी, बोर्ड धरून आणखी पन्नास-साठ. सहाशेच्या आत सगळं येतं. एनव्हीडिया स्वतः ५०८०ला ८५० वॅट सुचवते. ५७५ वॅटच्या ५०९०साठी हजार. कार्ड क्षणभर मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढतं ही भीती खरी आहे, पण एटीएक्स ३.० आणि ३.१ मानकाचे एसएमपीएस त्याच झटक्यांसाठी बनवलेत. म्हणून खोक्यावर वॅटच्या आधी ते मानक शोधा. अनोळखी नावाचा १२०० वॅटचा एसएमपीएस आणि नावाजलेला ८५० चा यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन. एसएमपीएसवर कंजुषी करू नका हे मात्र मेसेजवाल्याचं शंभर टक्के बरोबर आहे.

जळण्याचा खरा धोका ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या केबलच्या टोकाशी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाचे वितळलेले कनेक्टर दिसू लागले, आणि कनेक्टरमध्ये सुधारणा होऊनही फेब्रुवारी २०२५ मध्ये ५०९०च्या तशाच तक्रारी आल्या. ती केबल पूर्ण आत गेलीय का हे टॉर्च लावून बघा. फट अजिबात दिसता कामा नये. आणि कार्डातून बाहेर पडल्या पडल्या तिला मुरडू नका, तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्या. कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल तर कॅबिनेट चुकलंय.

आपल्याकडची एक गोष्ट या मेसेजात असायलाच हवी होती : यूपीएस. घरात वायफाय आणि ऑफिसच्या पीसीसाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो एकदा किंचाळेल आणि सगळ्यासकट बंद पडेल. त्या १२०० वॅटच्या एसएमपीएसचे जादा पैसे मोठ्या, प्युअर साइन वेव्ह (घरातल्या विजेसारखीच लहर देणाऱ्या) यूपीएसमध्ये घाला. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग बघून घ्या, पार्ट नंतर.

“आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिक्विड कूलर लागतोच.” अकोल्या-नागपूरकडच्या माणसाला हे लगेच पटतं. पण लिक्विड कूलर म्हणजे फ्रिज नव्हे. तोही शेवटी खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोली २८ अंशांवर असताना प्रोसेसर ७० ला असेल, तर खोली ४२ वर गेली की तो ८४ च्या आसपास जाणार, मग कूलर हवेचा असो की पाण्याचा. ९८००एक्स३डीची मर्यादा ९५ आहे, आणि गेमसाठी दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर त्याला पुरतो. त्यात पंप नाही, म्हणजे पंप बंद पडायची भीती नाही. फक्त उंची मोजा : नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर आहे, अरुंद कॅबिनेटची काच बंद होत नाही. उन्हाळ्यात पाचशे वॅटचा पीसी म्हणजे खोलीत पाचशे वॅटचा हीटरच. त्यावर उपाय समोर जाळी असलेलं कॅबिनेट, महिन्याला धूळ झटकणं आणि जमलं तर एसी.

जेन ५, म्हणजे जेन ४च्या पुढच्या पिढीच्या, एसएसडीचं थोडक्यात. सेकंदाला १४,००० एमबी विरुद्ध ७,००० एमबी हे आकडे भारी दिसतात, पण सोनीने पीएस५ साठी ५,५०० एमबीचा जेन ४ एसएसडी सुचवलाय, आणि मोठे गेम पीएस५ समोर ठेवूनच बनतात. लोडिंगमध्ये फरक पडला तर क्षणाचा. काही बोर्डांवर दुसऱ्या जेन ५ स्लॉटमध्ये एसएसडी लावला तर ग्राफिक्स कार्डाच्या निम्म्या लेन (माहिती येण्याजाण्याच्या वाटा) जातात, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. मदरबोर्डचंही तेच; बी८५० चा बरा बोर्ड ९८००एक्स३डीला आरामात चालवतो.

“अमेरिकेतून कुणी येत असेल तर कार्ड मागवा.” आत्याचा मुलगा आणेलही हौसेने. पण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरती असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं कार्ड बिघडलं तर निदान त्या काउंटरपर्यंत जाता येतं.

उरला मथळा, दहा वर्षांचा. २०१६ मध्ये हा मेसेज आला असता तर त्यात जीटीएक्स १०८० कार्ड असतं, मे महिन्यात ५९९ डॉलरला आलेलं. सोबत इंटेलचा २०१५ चा आय७ ६७००के प्रोसेसर. तो पीसी आज चालू होतो, पण रे ट्रेसिंगचं (खऱ्यासारखा उजेड आणि सावल्या दाखवणारं) हार्डवेअर २०१८ च्या आरटीएक्स २०८०पासून आलं, आणि आता ते नसेल तर काही मोठे गेम सुरूच होत नाहीत. डूम : द डार्क एजेस त्यातलाच. प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पार्ट दमले म्हणून नव्हे, नियम बदलले म्हणून तो मागे पडला. हे २०१६ मध्ये आणखी पन्नास हजार ओतूनही टळलं नसतं. त्याउलट एएम५ सॉकेटला निदान २०२७ पर्यंत सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय. वाचलेले लाखभर रुपये बँकेत ठेवून तीन-चार वर्षांनी कार्ड बदललं आणि जुनं विकलं, तर तोच बोर्ड, तीच रॅम, तेच कॅबिनेट पुढे चालेल.

भाच्याला मी काल यादी बाजूला ठेवायला लावली आणि टेबल मोजायला सांगितलं. पंचावन्न सेंटिमीटर खोल निघालं. म्हणजे एवढ्या जवळून बघायला बत्तीस इंची ४के तूर्त नाही. सत्तावीस इंची १४४०पी, तोही ओएलईडी, एवढं ठरलंय. त्या पडद्याला ५०८० हवं की १६ जीबीचंच ५०७० टीआय पुरेल, यावर आमचं अजून वाजतंय.