‘भावना घरी शिकवा, शाळेत गणित शिकवा’: हा दावा कुठे चुकतो

‘शाळेनं गणित-भाषा शिकवावी. राग-लोभ सांभाळायला शिकवणं हे आई-बापांचं काम. त्याचा वेगळा तास घेतला की अभ्यास बुडतो. चार शब्द समजावून सांगितले की पुरे. नाहीतर मुलं हळवी होतात.’ पालकांमध्ये फिरणारा हा मजकूर अनेकांना पटतो, म्हणूनच तो मुद्देसूद तपासायला हवा.

आधी अभ्यास बुडण्याचं बघू. २०११ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी भावना सांभाळायला शिकवणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत २,७०,०३४ मुलं होती. जिथे अभ्यासाचीही मोजणी झाली, तिथे सरासरी फायदा दिसला तो असा: शंभरात पन्नास जणांच्या पुढे असलेलं मूल एकसष्ट जणांच्या पुढे जाईल. मधल्या सुट्टीतलं भांडण डोक्यात घोळत असताना हातचा कुणाच्या लक्षात राहणार?

घरचं काम? घराचा वाटा मोठा आहेच. पण तीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, ‘तू आमच्यात नको’ हे ऐकून घेणं, न आवडणाऱ्या मुलाबरोबर गटात काम करणं, हे प्रसंग येतात वर्गात.

‘चार शब्द पुरे’ हा मुद्दा सगळ्यात जास्त फसवा आहे. उपदेश ऐकून मूल मान डोलावतं आणि दहा मिनिटांत चेंडूवरून ढकलाढकली करतं. रागाच्या भरात आठवतं ते फक्त आधी घोटवलेलं. म्हणून मुलं शांत असताना पंधरा-वीस मिनिटं सराव घ्यायचा, आणि एका वेळी एकच कौशल्य. चेंडूचंच घ्या. आधी हात खाली. मग एक लांब श्वास. मग ‘तू चेंडू हिसकावलास, मला राग आला, माझी पाळी झाली की देतो’ हे वाक्य मोठ्यानं. दोघांनी भूमिका बदलून तेच पुन्हा करायचं. त्याच दिवशी मैदानावर शिक्षकानं ‘हात खाली’ एवढीच आठवण द्यायची. ही आठवण राहून गेली, तर सराव वर्गाच्या भिंतीतच अडकतो.

इथे शाळांच्याही चुका होतात. जबरदस्तीनं ‘सॉरी’ म्हणायला लावलं की मूल सुटका करून घ्यायला शिकतं. शांत बसायचा कोपरा शिक्षेसाठी वापरला, की तिथे आपणहून कुणी जात नाही. आणि सगळ्यांसमोर घरची दुःखं सांगायला लावणं तर कधीच करू नये.

हळवेपणाचं म्हणाल, तर ‘मला राग आलाय’ असं म्हणणारं मूल मारायच्या आधी थांबलेलं असतं.

मात्र भावना शिकवण्याच्या नावाखाली चालणारं सगळंच उपयोगी पडतं, असंही नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांपैकी सुमारे निम्म्या शाळांत ११ ते १३ वयाच्या मुलांना सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे धडे दिले गेले. २०२२ साली निकाल आले, तेव्हा बाकीच्या शाळांतल्या नेहमीच्या शिकवणीपेक्षा मानसिक आरोग्यात जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.