कापडी फिल्टरनं ॲव्हरेज वाढत नाही, लायनर मात्र जातात

गळीत हंगाम तोंडावर आला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा: कंपनीचा कागदी एअर फिल्टर इंजिनचा गळा आवळतो. तो काढा आणि तेल लावलेला कापडी फिल्टर टाका. लिटरमागे अर्धा-एक किलोमीटर वाढेल, पिकअप वाढेल, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) मोकळा वाजेल. शिवाय धुवून धुवून जन्मभर वापरा. माजलगाव-परळी पट्ट्यात उसाच्या गाडीपासून राख वाहणाऱ्या हायवा टिपरपर्यंत लोक हा फिल्टर विचारायला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी ॲव्हरेजचं बघू, कारण पैसे तिथंच सुटतात. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये पाय दाबल्यावर वाढतं ते डिझेल. हवा इंजिन एरवीच गरजेपेक्षा जास्त ओढत असतं. फिल्टर चांगला असताना तो आणखी मोकळा केला तर त्या जादा हवेचं इंजिन काय करणार? पंप किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल ठरल्याएवढंच देणार. फिल्टर खरंच तुंबला असेल, मांजरसुंब्याच्या घाटात लोड गाडी काळा धूर ओकत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कुठलाही नवा फिल्टर टाका, फरक जाणवतोच. मेसेजसोबतच्या व्हिडिओतही नेमकं हेच आहे: काळाठिक्कर जुना कागदी काढला, कोरा कापडी बसवला आणि श्रेय कापडाला दिलं. कोरा कागदी बसवून गाडी तशीच पळवून दाखवली असती, तर तुलना म्हणता आली असती.

आता मेसेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही, त्या धुळीबद्दल. एक लिटर डिझेल जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. दिवसाला शंभर लिटर जाळणारी गाडी दहा लाख लिटर हवा तर घेतेच, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. फिल्टर किती धूळ अडवतो ते मोजण्यासाठी आयएसओ 5011 ही चाचणी आहे. जड वाहनांचा चांगला कागदी फिल्टर तिच्यात 99.9 टक्क्यांच्या आसपास जातो. तेलाचे कापडी फिल्टर साधारण 96 ते 99 मध्ये येतात. कापडीला 98 धरू. ऐकायला दोनच टक्क्यांचा फरक. पण फिल्टरपर्यंत किलोभर धूळ आली, तर कागदातून एक ग्रॅम आत जाते आणि कापडातून वीस ग्रॅम. वीसपट! ती पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) यांच्या मध्ये जाऊन बसते. पुढे ऑइल कमी व्हायला लागतं, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर मारायला लागतो आणि मिस्त्री म्हणतो, ‘इंजिननं डस्ट खाल्ली.’ हे पहिल्या महिन्यात दिसत नाही. तोवर मेसेज शंभर ग्रुपांत जाऊन आलेला असतो.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आपली काळी माती मऊ, ती काय लायनर घासणार?’ माती मऊ आहे, मान्य. पण गाडीमागं उडते ती निव्वळ काळी माती नसते. मुरूम असतो, खडी क्रशरची भुकटी असते, म्हणजे बसाल्टचाच चुरा. त्यातलं फेल्डस्पार कडकपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर सहाच्या घरात बसतं. लायनरचं ओतीव लोखंड साधारणपणे त्याहून मऊ. परळीच्या थर्मलची राख तर मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, तीही पिठासारखी बारीक. राख ओढणाऱ्या गाडीला कापडी फिल्टर लावणं म्हणजे इंजिन स्वतःच्या हातानं पॉलिश पेपरवर घासणं.

‘धुवा आणि वापरा’ हेही कागदावरच सोपं. ठरलेल्या द्रावणानं धुवायचं, सावलीत पूर्ण वाळवायचं, ठरलेलं तेल मोजून लावायचं. कारखान्यावर नंबर लावून बसलेला ड्रायव्हर हे कधी करणार? तो डिझेलमध्ये बुचकळणार, कॉम्प्रेसरची हवा मारणार आणि जळकं इंजिन ऑइल चोपडणार. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर तेल आत. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असेल तर हेच तेल त्याच्यावर चढतं. मग चेक लाइट लागते आणि गाडी ओढत नाही.

टर्बोचा आवाज वाढतो, हे मात्र खरं. शिट्टीनं भाडं वाढत नाही.

फिल्टरचा डबा काढून उघडा, शंकूसारखा कोन-फिल्टर बसवणाऱ्यांचं गणित तर उलटंच आहे, कारण तो इंजिनजवळची तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे बाहेर 42 अंश, इंजिनजवळ त्याहून कितीतरी जास्त. हवा 25 अंशांनी तापली की सात-आठ टक्के विरळ होते. पिकअपसाठी खर्च करून पिकअपच कमी केला.

म्हणजे बाजारातला प्रत्येक फिल्टर वाईट, असं नाही. डीलरकडचाच घ्या, असंही म्हणत नाही. नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा, तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरचा कागदी फिल्टर खुशाल घ्या. दुकानातच बघून घ्या: घड्या सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत का, टोकाचं रबर दाबल्यावर परत उठतं का. आत बल्ब धरून फिरवा. कुठं टाचणीएवढा उजेड थेट दिसला तर तो परत द्या. बसवल्यावर काही दिवसांनी फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा होस (रबरी नळी) काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर क्लिप ढिली आहे, होस चिरलाय किंवा सील बसलेलं नाही. फिल्टर कितीही भारी असो, ही वाट उघडी असेल तर उपयोग शून्य.

बदलायचा कधी, ते फिल्टर तुंबला की लाल पट्टी दाखवणाऱ्या इंडिकेटरला विचारा. लाल पट्टी दिसायच्या आत दर आठवड्याला काढून झटकण्यात तोटाच आहे, कारण कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर पुढची बारीक धूळ अडवतो. टायरला वापरतो त्या दाबाची हवा मारली तर कागदाला न दिसणारी भोकं पडतात. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर कधीच साफ करायचा नाही, थेट बदलायचा. आणि डब्याच्या खालची रबराची चोच ‘उगाच लोंबते’ म्हणून कुणी कापून टाकली असेल तर आधी ती नवी बसवा. जाड धूळ तिथूनच बाहेर पडते.