डिग्र्या कळल्या, डॉक्टर कळले नाहीत

आमच्या हाडांच्या डॉक्टरांवरच्या तुमच्या लेखात त्यांच्या डिग्र्या, फेलोशिप सगळं आलं, पण पेशंटशी ते कसे वागतात ते दोन ओळींत उरकलंत. आमच्या रत्नागिरीकडे आंबे काढताना पडलेले गडी आणि हायवेवरचे अपघात, हेच त्यांचं मुख्य काम. काकांची मांडी मोडली तेव्हा एक्स-रे उजेडात धरून हाडात घालायचा रॉड कुठून जाणार ते त्यांनी काकूला बोटाने दाखवलं. मग विचारलं, "घराला पायऱ्या किती? संडास मागीलदारी की घरात?" ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन काकांना उभं केलं. काका बोंबलले, तो भाग वेगळा!

हाड मोडल्यावर आधी मालीशवाल्याकडे दिवस घालवून मग डॉक्टरकडे येणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं होतं. हाड बाहेर दिसत असेल तर स्वच्छ फडकं बांधून, पाय आहे तसा फळीला बांधून तडक हॉस्पिटल गाठायचं. तिथे अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल, तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी.