वकिलांच्या ऑफिसात केमिस्ट्रीवाल्याचं काय काम? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

पर्यावरण कायद्यावर काम करणाऱ्या संस्थेत सायन्सच्या विद्यार्थ्यांनी इंटर्नशिपसाठी अर्ज कसा करावा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुम्ही आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आहे. पुतणीने एम.एस्सी. केलंय आणि लेख वाचून ती अर्ज करायला बसली, म्हणून तुम्हाला काळजी वाटते. तुमचे आक्षेप तीन आहेत. वकिलांच्या ऑफिसात सायन्सच्या मुलीला झेरॉक्स आणि फायली उचलण्यापलीकडे काम मिळणार नाही. स्टायपेंडचा पत्ता नसतो. आणि या संस्थांचा "निकाल आधी ठरतो, विज्ञान नंतर शोधतात", नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या विजेवर पंखे चालवून कोराडीविरुद्धच केस करतात. तिसऱ्या आक्षेपावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

पैशाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात वाद नाही. स्टायपेंड नसेल आणि दिल्लीत खोली घेऊन राहावं लागणार असेल, तर मुलीने जाऊ नये. अर्जाच्या पत्रातच स्पष्ट विचारावं: मानधन किती, नागपुरातून काम करता येईल का. हे विचारण्यात लाज कसली? अहवाल वाचण्याचं काम घरी बसून होतं. विचारलं म्हणून जी संस्था नाराज होते, तिथे पुढेही जमणार नाही.

आता कामाचं. मोठा प्रकल्प येतो तेव्हा त्याचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल, म्हणजे ईआयए, तयार होतो. शेकडो पानं असतात. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. पुढे मंजुरी मिळाली आणि तिला आव्हान द्यायचं असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदतही 30 दिवसांची. सबळ कारण असेल तर फार तर आणखी 60. महाराष्ट्रातली प्रकरणं पुण्याच्या खंडपीठाकडे जातात आणि तिथे न्यायिक सदस्याच्या शेजारी तज्ज्ञ सदस्य बसलेला असतो. 1999 मध्ये नायडू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना वैज्ञानिक तज्ज्ञांची गरज असल्याचं बोलून दाखवलं होतं. न्यायाधिकरण 2010 मध्ये आलं. आता सांगा, तज्ज्ञ सदस्याने पाण्याच्या तक्त्यावर प्रश्न विचारला तर वकील काय उत्तर देणार? उत्तर त्याला कोणीतरी आधी लिहून दिलेलं असावं लागतं. अमेरिकेत ऑरेगनमधल्या युजीन इथे एन्व्हायर्नमेंटल लॉ अलायन्स वर्ल्डवाइड नावाची संस्था आहे, 1989 पासूनची. जगभरच्या वकिलांसाठी असे अहवाल तपासायला तिने स्वतःचे शास्त्रज्ञ नेमले आहेत. खाणींचे अहवाल कसे तपासायचे यावर त्यांची मार्गदर्शिका आहे, फुकट मिळते. पुतणीला नक्की वाचायला द्या.

तुम्ही केमिस्ट्रीचे, म्हणून तुमच्याच विषयातलं उदाहरण देतो. समजा, अहवालातल्या एका विहिरीच्या पाण्याचा तक्ता असा आहे: कॅल्शियम 80 मि.ग्रॅ. प्रति लिटर, मॅग्नेशियम 24, सोडियम 46. बायकार्बोनेट 122, क्लोराइड 71, सल्फेट 48. बाकी आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, नगण्य. वरवर पाहता एकही आकडा खटकण्यासारखा नाही, त्यामुळे वकील पान उलटून पुढे जाईल. तुमची पुतणी जाणार नाही. ती मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे प्रत्येक आयनाचा विद्युतभार किती, ते काढेल: 4, 2 आणि 2, म्हणजे धन बाजूला 8. ऋण बाजूला 2, 2 आणि 1, म्हणजे 5. पाण्यात धन आणि ऋण विद्युतभार सारखाच असतो, असा तीनाने कमी भरत नाही. म्हणजे एक तर चाचणी चुकली, नाहीतर एखादा आयन मोजलाच नाही, नाहीतर आकडे बाटली न भरताच लिहिले गेले. यातलं काय झालं हे तिने ठरवायचं नाही. तिने फक्त लिहायचं की हा तक्ता आहे तसा जुळत नाही, प्रयोगशाळेचे मूळ कागद मागवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, आणि विद्युत वाहकता यांचं गुणोत्तर साधारण 0.55 ते 0.7 च्या बाहेर गेलं तरी तेच.

दुसरी जागा म्हणजे 'बीडीएल', बिलो डिटेक्शन लिमिट, म्हणजे यंत्राला दिसण्याइतकं सापडलं नाही. शिसं, पारा, आर्सेनिकच्या रकान्यात ही तीन अक्षरं दिसली की वाचणाऱ्याला हायसं वाटतं. पण शिशाची मर्यादा आहे लिटरला 0.01 मि.ग्रॅ. वापरलेल्या पद्धतीला 0.05 च्या खालचं दिसतच नसेल, तर त्या 'बीडीएल'ला काहीच अर्थ नाही. पाणी मर्यादेच्या चौपट दूषित असलं तरी तक्त्यात तीच अक्षरं येतील. ही गोष्ट बहुतेक वेळा तळटीपेत किंवा परिशिष्टात दडलेली असते, आणि ती शोधायला तिथपर्यंत जाणारा माणूस लागतो. याला झेरॉक्स काढणं म्हणता येईल का, सर?

हवेचंही तसंच. मूळ स्थितीची मोजणी पावसाळा सोडून एका हंगामात केली तरी चालते. मार्च ते मे मोजलं तर नागपूरच्या उन्हात तापलेली हवा सगळं वर उचलून मिसळून टाकते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवेचा थर खालीच अडकतो, आणि कोळशाची, राखेची, ट्रकची धूळ गावात बसून राहते. अहवालात उन्हाळ्याचेच आकडे असतील तर हिवाळ्याबद्दल त्यात काय म्हटलंय, हे विचारलंच पाहिजे.

आता तुमचा तिसरा आक्षेप. निकाल आधी, विज्ञान नंतर. सर, ईआयए अहवाल कोण बनवतं? सल्लागार संस्था. तिला मान्यता असते, पण तिला नेमतो आणि पैसे देतो तो प्रकल्पवाला. म्हणजे टेबलावरचं सगळं विज्ञान एकाच बाजूने विकत आणलेलं असतं. समोरच्या गावात सरपंच असतो, शेतकरी असतात, शास्त्रज्ञ नसतो. अशा वेळी कोणी त्या गावासाठी तक्ता तपासला, तर त्याने विज्ञान वाकवलं असं कसं म्हणायचं? आयनांची बेरीज आठ आणि पाच आली, तर ती कोराडीच्या इंजिनिअरलाही आठ आणि पाचच येईल.

तरीही तुमच्या भीतीत तथ्य आहे. वकिलाला आपल्या बाजूचाच मुद्दा हवा असतो, तो त्याचा धर्म आहे. शास्त्रज्ञाचा तो नाही. "हा मुद्दा टिकणार नाही, काढून टाका" हे सांगणं हेच अशा ऑफिसातल्या शास्त्रज्ञाचं सगळ्यात मोलाचं काम. चुकीचा मुद्दा घेऊन गेलात तर तज्ज्ञ सदस्य तिथेच पकडतात, आणि मग खरे मुद्देही पातळ होतात. म्हणून पुतणीने मुलाखतीत उलट प्रश्न विचारावा: तुमच्या शास्त्रज्ञाने यात दम नाही असं सांगितल्यावर तुम्ही एखादा मुद्दा सोडलाय का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी संस्था बघावी.

कोराडीच्या विजेबद्दल एवढंच म्हणतो की वीज सगळ्यांना मिळते, राख सगळ्यांना मिळत नाही. 2022 च्या जुलैत याच केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख शेतात शिरली, तुमच्या-माझ्या गच्चीवर नाही. केंद्र नकोच असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. मंजुरीसोबत अटी येतात, त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यावा लागतो. तो कोणीतरी वाचायला हवा. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था 1958 पासून ज्या शहरात आहे, जिथे दरवर्षी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्राची आणि केमिस्ट्रीची मुलं बाहेर पडतात, तिथे हे अहवाल वाचणारी माणसं सापडू नयेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथूनच तो लेख आला.

आता पुतणीच्या अर्जाकडे. प्रमाणपत्रांची थप्पी नको. पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवरून आपल्या भागातल्या एखाद्या प्रकल्पाचा अहवाल उतरवून घ्यायला सांगा. संपूर्ण वाचू नये, एकच प्रकरण घ्यावं, पाण्याचं किंवा हवेचं. त्यात जे खटकलं ते दोन पानांत लिहावं, आणि जे बरोबर निघालं तेही लिहावं. भाषा अशी असावी की कायदा शिकलेल्या माणसाला एका वाचनात कळेल. समीकरणं परिशिष्टात टाकावीत. शक्य असेल तर अर्धं पान मराठीत, गावच्या माणसाला वाचून दाखवता येईल असं. हे टिपण बायोडेटाच्या वर लावावं. पाठवण्याआधी आकडेमोड तुम्ही एकदा तपासून द्या सर, तुमच्याइतकं बारीक कोणी पाहणार नाही. आणि प्रत्येक आकड्यापुढे मूळ अहवालाचा पान क्रमांक टाकायला सांगा, वकील सगळ्यात आधी तोच शोधतो.