शोषलेच जात नाही, तर साचते कसे?

फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषकद्रव्ये घातलेल्या, अन्नाविषयी एक संदेश थोडेफार रूप बदलून पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: पिठात, मिठात आणि न्याहारीच्या तयार पदार्थांत मिसळली जाणारी खनिजे म्हणजे लोखंडाचा भुगा, खडूची पूड आणि कारखान्यातली रसायने, पिठातून चुंबक फिरवून पाहा, खात्री पटेल, अशी ‘असेंद्रिय’ खनिजे शरीर शोषूच शकत नाही, आणि ती यकृतात साचत जाऊन माणसाला आजारी पाडतात. यातली शेवटची दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली तरी गडबड लक्षात येते. जो पदार्थ आतड्याची भिंत ओलांडूच शकत नाही, तो यकृतापर्यंत पोहोचणार कोणत्या वाटेने? तरीही प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासलेला बरा, कारण त्यांतल्या काहींच्या मुळाशी तथ्याचा अंश आहे आणि तो झाकून दिलेले उत्तर कोणालाही पटणार नाही.

आधी चुंबक. हा प्रयोग खोटा नाही. काही उत्पादनांत लोह खरोखरच शुद्ध धातूच्या पुडीच्या रूपात घातले जाते. विद्युतविश्लेषणाने तयार केलेल्या अशा पुडीचे कण साधारणपणे 45 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात आणि लोखंडच असल्यामुळे ते चुंबकाला चिकटतात. यावरून सिद्ध होते ते इतकेच, की हे लोह धातुरूपात आहे. ते घातक आहे, असे नव्हे. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात हे कण विरघळतात, त्यांचे फेरस आयन, म्हणजे लोहाचे विद्युतभारित कण, होतात आणि तिथून पुढे हा आयन भाजीतून आला की पुडीतून, याची शरीराला काहीच खबर नसते. पूड पूर्णपणे विरघळत नाही, ही तिची खरी उणीव. तिच्यातले लोह फेरस सल्फेट या चांगल्या विरघळणाऱ्या संयुगातल्या लोहाच्या जेमतेम निम्मे शोषले जाते, असे धरून चालतात. हे लपवलेले नाही, उलट शिफारशींतच गृहीत धरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 सालच्या शिफारशीनुसार जिथे माणशी रोज 300 ग्रॅमपेक्षा जास्त गव्हाचे पीठ खाल्ले जाते, तिथे फेरस सल्फेट किंवा फेरस फ्युमरेट वापरल्यास किलोमागे 20 मिलिग्रॅम लोह पुरे. विद्युतविश्लेषित पूड वापरल्यास मात्र 40 मिलिग्रॅम हवे.

शिवाय फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरिक पायरोफॉस्फेट ही संयुगे घरगुती चुंबकाला दाद देत नाहीत. म्हणजे चुंबक कोराच बाहेर आला, तर पिठात काही मिसळलेले नाही असेही म्हणता येत नाही. चुंबकाला नुसत्या डोळ्यांनी दिसणारे धातूचे कीस किंवा तुकडे लागले, तर मात्र तक्रार जरूर करावी. ते पोषणासाठी घातलेले लोह नसून दळताना यंत्राच्या झिजेतून आलेला कचरा असण्याची शक्यता अधिक, आणि तो अडवण्यासाठीच गिरण्यांमध्ये चुंबकीय गाळण्या बसवतात.

दुसरा दावा ‘असेंद्रिय’ या शब्दावर उभा आहे, आणि इथे भाषेनेच थोडा घोटाळा केला आहे. ‘सेंद्रिय’ म्हटले की आपल्याला रसायनमुक्त शेती आठवते. रसायनशास्त्रात मात्र त्याचा संबंध कार्बनच्या संयुगांशी असतो. खनिजे मुळात असेंद्रियच. वनस्पतीसुद्धा जमिनीतून लोह, जस्त आणि कॅल्शियम घेतात ते असेंद्रिय आयनांच्या रूपातच. शोषण ठरते ते या नावावरून नव्हे, तर संयुग जठरात किती विरघळते आणि सोबतच्या अन्नात काय आहे, यावरून. वनस्पतिजन्य अन्नातले लोहही भरपूर शोषले जाते असे नाही. साधारण 2 ते 20 टक्के, तेही आहाराप्रमाणे बदलणारे. धान्य व कडधान्यांतील फायटिक आम्ल, चहा-कॉफीतील पॉलिफेनॉल आणि कॅल्शियम ते आणखी कमी करतात. ‘क’ जीवनसत्त्व ते वाढवते. हे सारे नियम वरून घातलेल्या लोहालाही तसेच लागू पडतात. फेरिक पायरोफॉस्फेटचा रंग पांढरा असल्याने ते अन्नाचे रूप बिघडवत नाही, पण ते कमी विरघळते आणि म्हणून कमी शोषले जाते. चांगले विरघळणारे फेरस सल्फेट पिठातल्या स्निग्धांशाला लवकर खवट करू शकते. उत्पादकाला या दोहोंमध्ये निवड करावी लागते, आणि सोयीपायी ती चुकीचीही होऊ शकते. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, पण आम्लात विरघळते. गव्हाच्या पिठात घातल्यावर त्यातले जस्त झिंक सल्फेटइतकेच शोषले गेल्याचे मोजमापांत दिसले आहे. संदेशात जिची ‘खडूची पूड’ म्हणून टर उडवली आहे, ते कॅल्शियम कार्बोनेट. जेवणासोबत घेतल्यास त्यातले कॅल्शियम साधारण दुधातल्याइतकेच शोषले जाते.

आता साचण्याविषयी. संदेशातला सर्वांत गंभीर दावा हाच, आणि तो अर्धा खरा आहे. जादा लोह बाहेर टाकण्याची कोणतीही सक्रिय यंत्रणा मानवी शरीरात नाही. प्रौढ शरीरात 3 ते 4 ग्रॅम लोह असते आणि रोज झडणाऱ्या पेशींबरोबर जेमतेम 1 मिलिग्रॅम बाहेर जाते. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये थोडे अधिक. दार मागच्या बाजूला नसल्यामुळे शरीराने पहारा पुढच्या दारावर बसवला आहे. लोहाचा साठा पुरेसा झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते. ते आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारी वाट बंद करते. पेशीतच अडकलेले लोह काही दिवसांनी त्या पेशीसह झडून शौचावाटे निघून जाते. साठा कमी असेल तर हेप्सिडिन घटते आणि शोषण वाढते. त्यामुळे एकाच पिठातून रक्तक्षय झालेल्या व्यक्तीला जास्त आणि भरल्या साठ्याच्या व्यक्तीला कमी लोह मिळते.

हा पहारा काही आजारांत ढिला पडतो. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस या शरीरात लोह साचत जाणाऱ्या आजारात हेप्सिडिन पुरेसे तयार होत नाही, तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत लोहाचा भार आधीच जास्त असतो. अशा व्यक्तींनी डॉक्टरांना विचारूनच फोर्टिफाइड अन्न निवडावे. पण या अपवादांचा नियम करता येत नाही.

लोहाच्या गोळ्या गिळून लहान मुले दगावल्याचा दाखलाही संदेश देतो. हा धोका खराच आहे. गोळ्या मुलांच्या हाती लागू नयेत. पण त्यातून पिठाविषयीचा निष्कर्ष निघत नाही. किलो वजनामागे 60 मिलिग्रॅम लोह एकदम पोटात गेले, तर ते जीवघेणे ठरू शकते. दहा किलो वजनाच्या मुलासाठी हे 600 मिलिग्रॅम झाले. किलोमागे 20 मिलिग्रॅम लोह असलेल्या पिठातून इतके लोह मिळवायला एका बैठकीत 30 किलो पीठ खावे लागेल.

रासायनिक नावांच्या भीतीबद्दल थोडक्यात. मिठातले पोटॅशियम आयोडेट हे आयोडीनचे संयुग शरीरात गेल्यावर आयोडाइड बनते, आणि आयोडीनयुक्त मीठ स्वित्झर्लंडमध्ये 1922 पासून वापरात आहे. सोडियम आयर्न ईडीटीए या पिठात घालायच्या लोहाच्या संयुगातला ईडीटीए हा भाग फायटिक आम्लापासून लोहाचे रक्षण करतो, म्हणून फायटिक आम्ल जास्त असलेल्या आहारात यातले लोह फेरस सल्फेटच्या दोन-तीनपट शोषले जाते. ईडीटीए स्वतः मात्र फारच थोडा शोषला जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. रोज किलो वजनामागे 1.9 मिलिग्रॅमपर्यंत तो सुरक्षित मानला आहे. किलोमागे 15 मिलिग्रॅम लोह असलेल्या 300 ग्रॅम पिठातून साधारण 24 मिलिग्रॅम ईडीटीए मिळतो. 60 किलोच्या माणसासाठी मर्यादा आहे रोज 114 मिलिग्रॅम. लहान मुलांचे वजन कमी असल्याने त्यांची मर्यादा लवकर गाठली जाते, हे मात्र विसरता येत नाही.

टीकेला खरी जागा आहे ती लहान मुलांच्याच बाबतीत. टांझानियातील पेंबा बेटावर मलेरियाचा जोर होता. तिथे लहान मुलांना रोज 12.5 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल औषधासारखे दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आणि लोह देणे थांबवावे लागले. तान्ह्यांच्या अन्नात मिसळलेले पण न शोषलेले लोह मोठ्या आतड्यात उरते आणि तिथल्या उपद्रवी जिवाणूंना पोसू शकते, हेही आढळले आहे. म्हणूनच मलेरियाग्रस्त भागांत मुलांना लोह द्यायचे तर मलेरियाच्या प्रतिबंधाची आणि उपचाराची सोय सोबत असावी, असा सल्ला दिला जातो. संदेशात याविषयी एक ओळही नाही.