मंगोलियन म्हणजे नक्की काय हो, डॉक्टर?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. मामेबहिणीला मुलगी झाली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर एक ओळ होती : 'मंगोलियन स्पॉट, कमरेवर'. म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी लगेच ज्ञान पाजळलं, "म्हणजे मंगोल बाळ का?" झालं. बहीण रात्रभर रडली. बाळाचे डोळे तिरके दिसतायत का, ते पुन्हा पुन्हा बघत बसली.

काकांच्या तरुणपणी डॉक्टरसुद्धा डाउन सिंड्रोमच्या मुलांना सर्रास 'मंगोल' म्हणायचे, हे मान्य. ते खूळ इंग्लंडच्या लँग्डन डाउन या डॉक्टरचं. १८६६ मध्ये या गृहस्थाने मतिमंदांची चेहऱ्यावरून वंशवार वर्गवारी केली आणि या मुलांना 'मंगोल' गटात टाकलं. पुढे १९५९ मध्ये कळलं की सगळा प्रकार एकविसाव्या गुणसूत्राच्या एका जादा प्रतीचा आहे. वंशाचा काडीचा संबंध नाही! १९६५ मध्ये मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेला सांगितलं, आमचं नाव काढा. त्यांनी काढलं. आमच्या ग्रुपवर मात्र ते अजून नांदतंय.

डागाची कथा वेगळीच. जपानमध्ये काम करणाऱ्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरने १८८५ मध्ये त्याला हे नाव चिकटवलं. हा डाग आपल्याकडे ढिगाने बाळांना असतो, आफ्रिकेतल्या बाळांनाही असतो. रंगद्रव्याच्या पेशी त्वचेत खोल राहून गेल्या की वरून निळसर दिसतं, एवढंच. आत्याने 'ग्रहणाचा डाग' म्हणून निदान केलं, पण तिच्या निदानाने निदान कुणी रडलं तरी नाही.

बरं, डागाची नोंद हवी, हेही कबूल. नाहीतर पुढे कुणाला तो मुका मार वाटायचा. पण मग 'जन्मजात निळा डाग, काळजी नको' असं लिहायला किती शाई लागते? एका ओळीने बाळंतिणीची रात्र गेली हो!

आणि खरे मंगोलियन? तो पस्तीसेक लाखांचा देश, पण त्याहून जास्त मंगोल चीनच्या इनर मंगोलियात राहतात. रशियातले बुर्यात, काल्मिक हे मंगोल समाज आणखी वेगळेच. 'मंगोलियन बार्बेक्यू' तर तैवानमध्ये जन्माला आलं. उद्या मंगोलियाच्या राजधानीतल्या, उलानबातरच्या डॉक्टरांनी एखाद्या खरजेला 'मराठी पुरळ' नाव दिलं असतं, तर आपण गप्प बसलो असतो?

असो. चिडून झालं. काल बहिणीशी बोललो. बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलंय, बाळ ठणठणीत आहे, डाग काही वर्षांत फिका होईल. आणि समजा डाउन सिंड्रोम असता, तरी त्या पोरीकडे बघून असं रडावं का, हे तिला विचारायचं राहिलं. आत्ता नको. अजून टाके दुखतायत तिचे.