गणपतराव आबा एकदाही हरले नाहीत? हरले की, दोनदा!

30 जुलै जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख, 2021 ला याच तारखेला गेले, तर त्यांच्याबद्दल लिहिलेलं असतं की 11 वेळा आमदार, देशात कुणाला न जमलेला विक्रम, एकदाही पराभव नाही, मंत्रीपद कधी घेतलं नाही, घरच्या कुणाला राजकारणात येऊ दिलं नाही, आणि हे सगळं कशाच्या जोरावर तर एसटीने फिरायचे, साधे राहायचे म्हणून. यावेळी आमच्या मामांनी तो एकाच दिवशी तीन ग्रुपवर टाकला. आता मी स्वतः आबांना मानणारा माणूस आहे, म्हणूनच तो वाचून जास्त डोकं फिरतं.

11 वेळा हे बरोबर, एसटीचंही खरं, त्यावर वादच नाही. बाकीचं बघू.

एकदाही पराभव नाही म्हणे. अहो, 1972 ला पडले आणि 1995 ला पण पडले, आणि 1995 ला तर शहाजीबापू पाटलांकडून 192 मतांनी पडले, 192! एवढ्या मतांनी पडलेला माणूस आयुष्यभर फेरमोजणीच्या गप्पा मारत बसला असता. तेव्हा त्यांचं वय सत्तरीला आलेलं, त्या वयात लोक नातवंडं खेळवतात, हे परत वाड्या-वस्त्या फिरले आणि 1999 ला निवडून आले, मग 2004, 2009, 2014. 1972 नंतर पण तसंच, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मला तर या दोन हारी त्यांच्या 11 विजयांपेक्षा मोठ्या वाटतात, आणि मेसेजवाल्याने नेमक्या त्याच पुसून टाकल्या. शेकाप, म्हणजे त्यांचा शेतकरी कामगार पक्ष, सोडून सत्तेतल्या पक्षात जायला दोन्ही वेळा कारण होतं, गेले नाहीत. 1962 ची पहिली निवडणूक ज्या पक्षाकडून, 2014 ची शेवटची पण त्याच पक्षाकडून.

देशातला विक्रम, हे पण नाही. महाराष्ट्रात 11 हा आकडा मोठाच आहे पण तमिळनाडूत करुणानिधी 13 वेळा निवडून आले, केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा. आबांना मोठं करायला खोटा आकडा लागतो का, कळत नाही.

मंत्रीपद. दोनदा मंत्री होते! 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या. पण लोकांना संन्यासी हवा असतो, मंत्री झालेला माणूस साधा राहिला हे पचत नाही बहुतेक.

आता फक्त साधेपणावर निवडून यायचे हा जो मुद्दा आहे ना, तो मला सगळ्यात खटकतो. सांगोला तालुका कुठला ते बघा आधी, पर्जन्यछायेतला, पाऊस आला तर आला. तिथला माणूस मत देताना आमदार कशातून फिरतो हे बघेल की पाण्याचं काय केलं हे विचारेल? नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा, यांनी 13 दुष्काळी तालुक्यांसाठी आटपाडीची पाणी परिषद वर्षानुवर्षं चालवली. मागणी एकच, कृष्णेचं पाणी आम्हाला पण द्या, आणि समन्यायी द्या. टेंभू योजनेत कराडजवळ नदीतून पाणी उचलायचं, एका टप्प्यातून पंपाने दुसऱ्या टप्प्यात चढवायचं, तिथून पुढच्या, असं करत करत ते माणदेशात आणायचं, आणि सांगोला पडतो टेलला, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. टेलचा शेतकरी काय असतो ते ज्याचं रान टेलला आहे त्यालाच विचारा, वरचे भिजवून मोकळे होतात तरी याच्या चारीत धूळ. अशा तालुक्याचा आमदार, तोही बहुतेक काळ विरोधी बाकावर, म्हणजे दर अधिवेशनात तेच पाणी, तोच दुष्काळ मांडत राहायचं.

आणि सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस म्हणावा असा पिकत नाही तिथे यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, कापूस बाहेरून आणायचा, सूत इथे काढायचं, पगार इथल्या घरात जायचा. पुढे महिलांची वेगळी सूतगिरणी काढली. राज्यात किती सहकारी गिरण्यांना टाळं लागलं ते सगळ्यांना माहितीये, त्यात ही चालवून दाखवणं हे काम एसटीच्या पासावर होत नाही, त्याला हिशोब कळावा लागतो, रोज लक्ष घालावं लागतं. आबा गेले तेव्हा अंत्यसंस्कार त्याच सूतगिरणीच्या आवारात झाले. मेसेजमध्ये या गिरणीवर एक ओळ नाही.

राहिलं घरच्यांचं. 2019 ला वयामुळे ते थांबले आणि नातू अनिकेत उभे राहिले, 768 मतांनी पडले, समोर परत शहाजीबापूच. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आले. याला घराणेशाही म्हणायचं की नाही यावर भांडा खुशाल, मी पण भांडेन, पण कुणी आलंच नाही असं तरी लिहू नका.

मामांना हे सगळं पाठवलं तर म्हणाले, अरे पण भावना चांगली आहे ना. असेल की. पुढच्या वर्षी तीच भावना ठेवून निदान 1972, 1995 आणि सूतगिरणी तेवढी घाला म्हटलं, मीच टाइप करून देतो.